अप्पांना दुपारी वेळ नसतो

माझ्या सासऱ्यांना निवृत्त म्हणायचं की आणखी काही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. उभा जन्म त्यांनी शहराची बस चालवली. निरोपाच्या दिवशी डेपोत भाषणं झाली, सगळ्यांनी पाठ थोपटली आणि 'आता मस्त आराम करा' असं जो तो बजावून गेला. त्या दिवसापासून या माणसाला मरायला फुरसत नाही. नोकरीत होते तेव्हा निदान जेवायला वेळेवर यायचे, असं माझा नवरा सांगतो. आता मी ताट वाढून खिडकीतून हाका मारते आणि खाली कुणाच्या तरी गाडीखालून फक्त दोन चपला उत्तर देतात, "आलोच!" ते 'आलोच' म्हणजे जेवण गार होणार, हे ठरलेलं.

आमच्या इमारतीत सगळे त्यांना अप्पा म्हणतात आणि सगळ्यांना वाटतं की अप्पा रिकामेच आहेत. पहिल्या मजल्यावर दाताचे डॉक्टर राहतात. दिवसभर लोकांच्या तोंडात एवढासा आरसा घालून उलटं बघत काम करणारा माणूस, पण स्वतःच्या गाडीचा आरसा समोर आला की त्याला घाम फुटतो. गाडी मागे घेणं म्हणून जमत नाही. त्यामुळे सकाळी त्यांची गाडी बाहेर काढून देणं आणि संध्याकाळी आत लावून देणं हे अप्पांचं काम. जे लोक बाहेरगावी जातात ते किल्ल्या अप्पांकडे ठेवून जातात, का तर बॅटरी उतरू नये. मग अप्पा रोज एकेका गाडीत जाऊन बसतात, ती सुरू करतात आणि तिच्याशी दोन शब्द बोलून उतरतात. खरंच बोलतात. मी कानांनी ऐकलंय.

तिसऱ्या मजल्यावरच्या हेडबाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी या वयात गाडी शिकायचं मनावर घेतलंय आणि शिकवणार कोण, तर अप्पा. "क्लच हळू सोडा" असं अप्पांनी म्हटलं की हेडबाई विचारतात, "का बरं? आधी कारण सांगा." कारण सांगून होईपर्यंत गाडी आचके देऊन बंद पडलेली असते आणि मागे रस्त्यावर हॉर्नचा नुसता गोंधळ. अप्पा कधी चिडत नाहीत. म्हणतात, "बाई, प्रश्न चांगला आहे, पण तो बाजूला थांबून विचारत जा."

गंमत सांगू? एवढं चालवून, एवढं शिकवून या माणसाची एक खोड काही गेली नाही. डॉक्टरांच्या सासूबाईंना एकदा डोळे तपासायला घेऊन चालले होते. रस्त्यात बसथांबा दिसला की गाडी आपोआप डावीकडे घ्यायची, थांबायची, आणि मग पुढे. सासूबाईंना वाटलं, असेल काही नवा नियम. एका थांब्यावर कुणी अनोळखी गृहस्थ दार उघडून मागे येऊन बसले आणि म्हणाले, "बाजार." अप्पांनी त्यांना बाजारापर्यंत नेऊन सोडलंसुद्धा! सासूबाई घरी येऊन जावयाला म्हणाल्या, तुमची गाडी छान आहे पण गर्दी फार असते.

आणि दुसरी खोड घंटीची. बसमध्ये कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली की ड्रायव्हरने गाडी हलवायची, त्याशिवाय नाही. हे त्यांच्या इतकं हाडात मुरलंय की आम्ही सगळे गाडीत बसलो, दारं लागली, तरी अप्पा स्टेअरिंगवर हात ठेवून स्वस्थ. मग आमच्यापैकी कुणीतरी पुढ्यात दोनदा ठक-ठक करायचं. लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसले तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं, सासरे माझ्यावर रागावलेत.

आता माझं गाऱ्हाणं ऐका. मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायचे. कुणाची शीर सापडत नसली की मला बोलवायचे, आणि ते मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू. मग माझी आई न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तिला एकटीला ठेवायची सोय राहिली नाही म्हणून मी तिला इकडे आणलं आणि नोकरी सोडली. नवऱ्याने आणि अप्पांनी चकार शब्द काढला नाही. उलट अप्पांनी स्वतःची खिडकीजवळची खाट तिला दिली. पण आई मात्र अवघडली. ही माझी आई म्हणजे एके काळी शेजारणींशी, भाजीवाल्याशी आणि कुणी नसलं तर रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याशीही भांडणारी बाई. आमच्याकडे आल्यापासून तिचं एकच पालुपद, "चालेल. तुम्ही म्हणाल तसं." खायला काय करू, चालेल. पंखा लावू का, चालेल. मला तिच्या त्या 'चालेल'ची धास्ती वाटायला लागली होती.

अशात प्रयोगशाळेतून फोन आला. दुपारची पाळी मोकळी आहे, जेवणानंतर ते दिवेलागणीपर्यंत, येतेस का? येतेस का काय, मी तर नाचायचीच बाकी होते. प्रश्न एवढाच की तेवढा वेळ आईजवळ कोण? मी नवऱ्याला म्हटलं, "अप्पा असतातच की घरी." तो म्हणाला, "असतात? तू कधी बघितलंस?" मी म्हटलं, "मी विचारते." तो म्हणाला, "विचार बाई, मला काही धीर होत नाही."

मी विचारलं. अप्पा चहात बिस्किट बुडवत होते.

"अप्पा, दुपारी जरा आईजवळ बसाल का? मी कामावर जायचं म्हणतेय."

बिस्किट चहात तुटून पडलं. "दुपारी? सूनबाई, सकाळ माग, संध्याकाळ माग. दुपारी नाही गं जमायचं."

"दुपारी काय असतं तुम्हाला?"

"असतं काम," म्हणाले आणि चमच्याने ते बिस्किट शोधायला लागले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरांची गाडी मागे घ्यायला वेळ आहे, हेडबाईंना कारणं सांगायला वेळ आहे, लोकांच्या बंद गाड्यांशी गप्पा मारायला वेळ आहे, आणि घरच्या माणसासाठी दुपारी काम असतं! मी रागाने भांडी अशी आपटली की शेजारच्यांनी विचारलं, काही पडलं का. त्याच रागात मी ठरवलं, एक दिवस या माणसाबरोबर जायचंच, आणि ही कामं कामं म्हणजे काय आहेत ते डोळ्यांनी बघायचं. आईजवळ बसायला हेडबाई तयार झाल्या. अप्पांना म्हटलं, मीही येते आज. त्यांनी एकदा माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ये की. पण चपला बदल."

चपला बदलल्या ते बरं झालं. देवा रे देवा, तो माणूस चालतो की उडतो! डॉक्टरांची गाडी काढली, किल्ल्यांच्या गाड्यांकडे फेरी झाली. मग बागेत फिरणारी म्हातारी मंडळी जमली होती, तिथं अप्पा पुढे आणि बाकीचे मागे ओळीने, कारण वळणावर कुणी कुणाला ओलांडून पुढे गेलेलं अप्पांना खपत नाही. तिथून बँकेत. रांगेत अप्पा दुसऱ्याच कुणाच्या तरी जागी उभे, आणि त्याला गुडघा दुखतो म्हणून बाकावर बसवलेलं. वाटेत एका सायकलची चेन बसवून दिली. दोन भावांचं गाडी कुठं लावायची यावरून जुंपलं होतं, ते थांबवलं. कसं थांबवलं? दोघांच्याही किल्ल्या घेतल्या, दोन्ही गाड्या त्याच जागेत अशा लावून दाखवल्या की मध्ये मांजर बसेल एवढी जागा उरली, आणि किल्ल्या परत देऊन चालू लागले. ते दोघे भाऊ तोंडात बोट घालून उभे आणि मीपण.

जिथं जाऊ तिथं लोक उठून उभे राहायचे. "अप्पा, जरा हे बघता का?" अप्पा बघायचे. मला वाटलं होतं की लोक यांना फुकट राबवतात आणि हे भोळे आहेत. छे! भोळे कसले. नाही म्हणायचं तिथं स्वच्छ नाही म्हणत होते. एका माणसाने तर दुपारी लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी चालवाल का म्हणून पाय धरायचे बाकी ठेवले होते, त्यालाही तेच उत्तर, "दुपारी नाही." माझा राग तिथंच निम्मा उतरला. म्हणजे ही फक्त मला सांगितलेली सबब नव्हती.

घरी येऊन जेवलो. मी गळून खुर्चीत पडले, आणि अप्पांनी इस्त्रीचा शर्ट काढला, केस विंचरले, आरशात पाहिलं. "येतेस ना?" म्हणाले. आता मला मागे हटता येईना.

आम्ही जुन्या चाळीसारख्या एका इमारतीत तळमजल्यावर गेलो. एकच खोली, स्वच्छ झाडलेली. भिंतीजवळ खाट आणि खाटेवर उशांना टेकून एक लुकडे गृहस्थ. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि त्या माझ्याकडे पाहून हसल्या. अप्पा म्हणाले, "आमची सून. आणि हे आमचे मास्तर." बसमध्ये कंडक्टरला मास्तर म्हणायची त्यांची पद्धत. अप्पांच्या नोकरीतली बहुतेक वर्षं हेच त्यांचे कंडक्टर होते. अर्धांगाचा झटका आला आणि मास्तरांची उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की सतत बोलतं करत राहा. पण ते कुणाशी बोलायचा प्रयत्नच करत नसत, तोंड फिरवून बसत. हे सगळं मला नंतर त्यांच्या बायकोने सांगितलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की अप्पांनी एक स्टूल ओढलं, खाटेच्या पुढे ठेवलं आणि मास्तरांकडे चक्क पाठ करून बसले. समोर नुसती भिंत.

मास्तरांनी डाव्या हाताने खाटेच्या लोखंडी दांडीवर चमचा दोनदा वाजवला. ठण, ठण.

आणि अप्पांनी बस काढली.

हसू नका. मी हसणार होते, पण हसूच आलं नाही. त्यांचे हात हवेत होते आणि तरी ते हात कशावर तरी होते. "निघालो डेपोतून. डावीकडे बघून घेतो… ए सायकलवाल्या, मरायचंय का रे! हां, जा बाबा जा. आता गिरणीची भिंत. भिंतीला नवा रंग दिलाय मास्तर, भिकार पिवळा. सिग्नल लागला." सिग्नलला ते खरोखर थांबले. मग पुन्हा निघाले, जरासं पुढे गेले, पाय दाबला आणि म्हणाले, "आला थांबा."

आणि गप्प.

मास्तरांच्या ओठांची हालचाल सुरू झाली. मानेच्या शिरा ताणल्या. नुसता श्वास येत होता. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. सकाळपासून एका जागी क्षणभर न टेकलेला हा माणूस भिंतीकडे बघत असा बसला होता की त्याला जगात दुसरं काही कामच नाही. मागे वळला नाही. शब्द सुचवला नाही. घड्याळाकडे पाहिलं नाही.

"पा… पाण्याची… टाकी," मास्तर म्हणाले.

"पाण्याची टाकी," अप्पा म्हणाले. ठण, ठण. बस निघाली.

असे सगळे थांबे झाले. जुनं कोर्ट, कॉलेज, बाजार, दवाखाना. काही पटकन आले, काही आलेच नाहीत, तेव्हा अप्पा म्हणायचे, "आज इथं उतरायला कुणी नाही वाटतं," आणि मास्तर चमचा वाजवायचे. शेवटचा थांबा आला तेव्हा मास्तर घामाने चिंब झाले होते. मला वाटलं, संपलं. अप्पा म्हणाले, "चला, परतीची फेरी." गाडी तिथंच सोडून कशी चालेल?

वाटेत मी विचारलं, "अप्पा, तुम्ही पाठ करून का बसता हो?"

"समोरून तोंड बघत बसलं की माणूस लाजतो गं," ते म्हणाले. "आणि आम्ही जन्मभर बोललो ते असंच. मी पुढे, तो मागे. समोरासमोर बसून काय बोलायचं ते आम्हाला माहीतच नाही." आणि लगेच घाई करायला लागले, कारण डॉक्टरांची गाडी आत लावायची वेळ झाली होती. मी त्यांच्या मागे धावत होते आणि खरं सांगते, मला या माणसाची सून असल्याचा असा अभिमान वाटत होता की ओरडून सांगावंसं वाटत होतं.

घरी नवऱ्याला म्हटलं, प्रयोगशाळेला नकार कळवते. अप्पांची दुपार मी मागणार नाही. मला वाटलं, आई झोपलीये. आई झोपली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर खाटेवर बॅग उघडी आणि आई बसल्या बसल्या कपड्यांच्या घड्या घालतेय.

"दादाकडे जाते मी," ती म्हणाली. "मुलीच्या सासरी किती दिवस राहायचं? माझ्यापायी तुझी नोकरी नको बुडायला."

दादा आणि वहिनी, दोघेही सकाळी बाहेर पडतात ते अंधार पडल्यावर येतात. तिथं दिवसभर बंद दार आणि समोर टीव्ही. मी म्हटलं, "आई, तिथं तू एकटी पडशील."

"चालेल," आई म्हणाली.

मी भांडले, रडले, बॅग लपवते म्हणाले. काही उपयोग नाही. दादाला फोनही करून झाला होता, तो रविवारी न्यायला येणार होता.

जेवणं झाली आणि अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आईच्या खाटेपाशी उभे राहिले. "विहीणबाई, चला. गाडी सुटायची वेळ झाली."

"मी? मी कुठं?"

"रोज रिकामी गाडी न्यायला बरं वाटत नाही. एक प्रवासी पाहिजे."

"अहो, काहीतरीच काय! व्याह्यांबरोबर कुठं फिरू मी? लोक काय म्हणतील?"

"लोकांना वेळ कुठाय?" अप्पा म्हणाले. "डॉक्टरांची गाडी आज मागून घेतलीय, खाली उभी आहे, चालायला लागणार नाही. सूनबाई, तूपण चल, यांचा हात धर."

आई 'चालेल' म्हणाली. नाही म्हणायचीसुद्धा ताकद उरली नव्हती तिच्यात, हे मला दिसत होतं.

मास्तरांच्या बायकोने आईला खाटेशेजारी खुर्ची दिली, तिची काठी भिंतीला टेकवली. परकी बाई बघून मास्तर आक्रसले. अप्पा पाठ करून बसले. चमचा वाजला, बस निघाली, गिरणी गेली, पहिला थांबा आला. मास्तर बोलेनात. ओठ घट्ट मिटलेले, नजर मांडीवरच्या हातावर. अप्पा थांबून राहिले. दुसऱ्या थांब्यालाही तेच. मला वाटलं, उगाच आणलं आपण आईला. त्या बिचाऱ्याची होती नव्हती तेवढी वाचाही आज गेली. अप्पांच्या मानेवर घाम आला होता, पण ते वळले नाहीत.

पुढच्या थांब्याला आई खुर्चीत चुळबुळली. "अहो," ती हळूच म्हणाली, "हा बाजार का? मला बाजारात उतरायचं असतं तर?"

मग मास्तरांचा डावा हात उचलला गेला. तळवा वर करून तो आईच्या समोर येऊन थांबला. तिकिटाचा हात तो! आईला कळलं. तिने पर्स उघडली, आत चाचपडलं, आणि असेल ती मोठी नोट काढून त्या तळव्यावर ठेवली.

मास्तरांनी नोटेकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले, नाकपुड्या फुगल्या आणि त्यांच्या छातीतून एक आवाज वर वर यायला लागला.

"सु… सुट्टे!" ते ओरडले. "सुट्टे… द्या… बाई!"

त्यांच्या बायकोच्या हातातलं भांडं खाली पडलं. थांब्यांच्या नावांपलीकडे मास्तरांच्या तोंडून कितीतरी दिवसांत शब्द ऐकू आला नव्हता. पण माझी आई! तिला काय त्याचं! ती खुर्चीत ताठ झाली.

"सुट्टे असते तर दिले नसते का? मला काय हौस आलीये नोट मोडायची? एवढी मोठी बस काढता आणि सुट्टे ठेवता येत नाहीत?"

"सग… सगळे… असंच… म्हणतात!"

"सगळे म्हणतात म्हणजे खरंच असणार ते! आणि आवाज कुणावर चढवताय? मी म्हातारी बाई आहे, काठी दिसत नाही का?"

अप्पा भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचे खांदे गदागदा हलत होते. हसत होते की रडत होते, मागून कळत नव्हतं.

मास्तर दमले. त्यांनी नोट आईच्या मांडीवर परत ठेवली आणि एकेक शब्द खेचून काढत म्हणाले, "उद्या… सुट्टे… घेऊन… या."

"आणीन ना!" आई कडाडली. "तुमचं एक तिकीट बुडवून मी काय पळून जाणार आहे? उद्या आणीन, परवा आणीन, रोज आणीन! मी कुठं जातेय?"

आणि स्वतःच्याच तोंडून काय निघालं ते ऐकून ती एकदम थांबली, माझ्याकडे बघायला लागली. मी उंबऱ्यात बसले आणि मोठ्याने रडले.